दुसऱ्यांची जुनी जोती

त्याला सगळे पणजोबा म्हणत. खरं तर पणजोबा व्हायला आधी नातवंडं लागतात, आणि त्याची एकुलती एक मुलगी नुकतीच कुठे लग्न करून दुसऱ्या शहरात गेली होती. डोक्यावरचे केसही अजून काळेभोर होते. पण चहाच्या टपरीवर तो आला की कुणीतरी बाकावर सरकून जागा करायचं आणि म्हणायचं, "या पणजोबा, बसा. आज कुणाचं घराणं उभं केलंत?" तो हसायचा. त्या दिवसांत त्याला त्यात कौतुकच ऐकू यायचं.

धंद्याने तो गवंडी. दगडी बांधकामाचा हात आजोबांकडून आलेला. समुद्राकडे उतरत जाणाऱ्या डोंगरावर आजोबांनीच बांधलेलं घर होतं, तिथेच तो लहानाचा मोठा झाला, आणि दगडाला दगड कसा बसवायचा हे त्या घराच्या जोत्यावर बसून शिकला. आजोबांची एक खोड होती. कोपऱ्याचा मोठा दगड बसवताना ते त्याच्याखाली फुटक्या कौलाच्या तीन चिपा पंख्यासारख्या पसरून ठेवत. बाकीचे गवंडी दगडाचीच चीप घालतात. कौलच का, असं विचारलं तर आजोबा म्हणत, "दगडाला दगड टोचतो." हे खरं की खोटं देव जाणे, पण नातवाच्या हाताला ती सवय लागली ती लागलीच.

आता त्या डोंगराबाबत सरकारचा एक नियम होता. परदेशी माणसाला तिथे मोकळी जमीन विकत घेता येत नसे. मात्र जिथे पूर्वी घर होतं आणि त्याचं दगडी जोतं अजून जागेवर आहे, अशी जागा त्याला घेता येई, आणि त्या जुन्या जोत्यावर, जोत्याच्या मापाइतकंच, सुट्टीत येऊन राहायला घर बांधता येई. नियम करणाऱ्यांचा हेतू चांगला असावा, उगाच वाईट का बोला. पडकी घरं पुन्हा उभी राहतील आणि मोकळा डोंगर मोकळा राहील, असं त्यांना वाटलं असणार. फक्त एवढंच त्यांच्या ध्यानात आलं नाही की जोतं म्हणजे शेवटी दगड आणि चुना, आणि ते रचायला गवंडी मिळतो.

त्यांच्या नाही, तरी जमिनीच्या दलालाच्या ते बरोबर ध्यानात आलं. हा दलाल पांढरे बूट घालायचा आणि डोंगर चढायची वेळ आली की ते काढून हातात घ्यायचा. एके दिवशी तो टपरीवर या गवंडी मिस्त्रीशेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही लोकांना नवी घरं बांधून देता. मला एक जुनं बांधून द्या."

"जुनं कसं बांधणार?"

"नुसतं जोतं. कुणाच्या तरी पणजोबांचं असावं असं."

मिस्त्रीने ते बांधलं. आणि असं बांधलं की पाहणीला आलेला कारकून त्या जोत्यावर टोपी काढून बसला आणि पूर्वीच्या लोकांच्या कष्टांबद्दल चार शब्द बोलून गेला. त्या दिवसापासून हा माणूस पणजोबा झाला.

काम सोपं नव्हतं. दगड जुने हवेत, म्हणून ओसाड गोठ्यांचे आणि पडक्या बांधांचे शोधून आणायचे. चुन्यात राख आणि चहाचं पाणी घालायचं, म्हणजे त्याचा पांढरेपणा मरतो. रचून झालं की दोन-चार ठिकाणी आपणच ढासळून टाकायचं. हे सगळ्यात अवघड, कारण चांगल्या गवंड्याचा हात मुद्दाम वाईट काम करायला राजी होत नाही. शेवटी वरून ताक आणि शेणाचं पाणी फासायचं, की एका पावसाळ्यात शेवाळ धरतं. घरात ताक झालं की पहिला मान दगडांचा, उरलं तर माणसांचा. बायको म्हणायची, "आता त्या दगडांना पाट मांडून पानावरच बसवा."

साक्षीदारही लागे. टपरीवर बसणारा एक म्हातारा त्यासाठी ठरलेला होता. "या घरात मी लहानपणी खेळलोय," एवढंच त्याने कारकुनासमोर सांगायचं. तो इतक्या घरांत खेळला होता की लहानपणी स्वतःच्या घरी जायला त्याला सवड मिळाली नसावी. आणि पूर्वीच्या लोकांच्या श्रीमंतीबद्दल तर बोलायलाच नको! जोत्याच्या मापाइतकंच घर बांधायचं असल्यामुळे जोती ऐसपैस निघू लागली. प्रत्येक खोलीला वेगळं न्हाणीघर निघालं. पोहण्याच्या तलावापुरता जुना हौदही निघाला. आपले वाडवडील एवढ्या थाटात राहत होते आणि तरी आपल्या वाट्याला काही कसं आलं नाही, असं टपरीवर कुणीतरी विचारायचं आणि सगळे खो खो हसायचे.

आता हे हसणारे राहत कुठे होते ते बघा. मिस्त्री आणि त्याची बायको पिठाच्या गिरणीमागच्या एका भाड्याच्या खोलीत राहत. गिरणी सुरू झाली की मांडणीवरची भांडी थरथरत. स्वयंपाकाचा कोपरा भिंतीकडे तोंड करून, खिडकी नाही. पिठाची धूळ आणि चुलीवरची वाफ मिळून बायकोचा खोकला बारमाही झाला होता. लग्नानंतरची पहिली वर्षं तिने वर डोंगरावरच्या घरात, सासूच्या हाताखाली काढली होती. तिथे ओट्यासमोर खिडकी होती आणि खिडकीतून थेट समुद्र दिसायचा. खिडकीच्या खालच्या दगडावर सुरीला धार लावून लावून एक खोलगट रेघ पडली होती, अर्धी सासूची, अर्धी तिची. सासू गेली, छप्पर गळायला लागलं, तेव्हा ती दोघं तात्पुरती म्हणून खाली आली. तात्पुरती येणारी माणसं कशी राहतात ते सांगायला नको.

"आपलं घर कधी घ्यायचं हातात?" ती विचारायची.

"एवढं एक काम उरकलं की आपलंच."

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या मनात ते पहिल्यापासून होतं. पण एक काम उरकायच्या आत दलाल पांढरे बूट हातात घेऊन पुढची जागा दाखवायला उभा असायचा. मग एका वर्षी जुने दगड संपले. गोठे संपले, बांध संपले. मिस्त्री वरच्या आपल्या घरापाशी गेला, मागची भिंत बराच वेळ बघत उभा राहिला आणि मनाशी म्हणाला, उसने घेतो. मागची भिंत गेली. मग बाजूची गेली. जिभेला चटक लागते तशी हाताला पण लागते. त्याच सुमाराला एका परदेशी बाईचं मोठं घर उभं राहत होतं. तिला स्वयंपाकघरात एक जुनी खिडकी हवी होती, चौकटीसकट, खालच्या दगडासकट. दलाल म्हणाला, मिळेल. आणि मिळाली.

बायको कधीतरी वर गेली तेव्हा तिला कळलं. जिथे ओटा होता तिथे नुसतं आकाश होतं. घरी आल्यावर तिने भाकरी थापत, मान वर न करता विचारलं, "खिडकी कुठे ठेवलीय?"

"नीट ठेवलीय," तो म्हणाला. "काळजी करू नकोस. जोतं जागेवर आहे ना? जोतं असलं की घर कधीही उभं राहतं."

हे मात्र तो अगदी मनापासून बोलला.

बिंग फुटलं ते दोन परदेशी शेजाऱ्यांच्या भांडणातून. एकाच्या घरामुळे दुसऱ्याचा समुद्र झाकला गेला, म्हणून दुसऱ्याने तक्रार केली. चौकशी लागली, जोतं उकरलं, आणि पणजोबांच्या काळातल्या त्या जोत्याच्या पोटातून बिस्किटाच्या पुड्याचा चकचकीत कागद निघाला. मग कचेरीने सगळ्याच घरांची जोती एकेका कोपऱ्यात उकरून बघितली. प्रत्येक ठिकाणी कोपऱ्याच्या दगडाखाली कौलाच्या तीन चिपा, पंख्यासारख्या पसरलेल्या. मिस्त्रीने त्या कुणाला फसवायला घातल्या नव्हत्या. तिथे कुणाची नजर पोचणारच नव्हती. हाताने आपलं काम केलं होतं, एवढंच.

वर्तमानपत्रांत चार दिवस आरडाओरडा झाला. दलालाने कानावर हात ठेवले आणि बूट बदलून काळे घेतले. बांधून झालेल्या घरांचं काय करायचं, यावर कचेरीत पुष्कळ खल झाला. माणसं राहायला आलेली, बागा फुललेल्या, मोठमोठ्या ठिकाणांहून फोन आलेले. शेवटी दंड भरून घेऊन ती सगळी घरं कायम करण्यात आली. आणि असा प्रकार पुन्हा होऊ नये म्हणून नियम कडक झाला: आता परका आणि आपला असा भेद नाही, डोंगरावर ज्याला कुणाला बांधायचं असेल त्याचं जोतं खरं जुनं असल्याचा दाखला हवा. न्याय सगळ्यांना सारखा. फक्त ज्यांना बांधायचं होतं त्यांचं बांधून झालं होतं.

त्याच सुमाराला गिरणीवाल्याने मिस्त्रीला बोलावलं. गिरणी बंद करून तिथे पाहुण्यांसाठी खोल्या काढायचं ठरलं होतं. गिरणीचं जातं तेवढं दाराशी शोभेला ठेवणार होते. "पावसाळ्याच्या आत खोली रिकामी करा," तो म्हणाला, आणि वर समजुतीच्या सुरात, "तुमचं काय, वर जागा आहे तुमची स्वतःची."

गावात दुसरी खोली मिळायची सोय नव्हती. ज्या घरात माणूस राहू शकेल, ते घर आता सुट्टीवाल्यांसाठी होतं. मिस्त्रीने पहिल्यांदाच दुसऱ्याचं काम नाकारलं आणि दाखल्यासाठी कचेरीत गेला. बायकोने ओट्याचं माप धाग्याला गाठी मारून ठेवलं. इतकी वर्षं जी बाई फक्त विचारत होती, ती आता सांगायला लागली. खिडकी अमुक उंचीवर हवी, आणि या वेळी खालचा दगड थोडा रुंद हवा.

पाहणीला एक अधिकारी बाई आल्या. उद्धट नव्हत्या, आळशीही नव्हत्या. चांगल्या कामसू होत्या, आणि तेच नडलं. त्यांनी आधी शेवाळ नखाने खरवडून वास घेतला आणि नुसतं म्हणाल्या, "हं." मग बरोबरच्या माणसाला कोपरा उकरायला लावला.

मिस्त्री बाजूला उभा होता. आत काय निघणार ते त्याला पहिल्या टिकावालाच कळलं.

कोपऱ्याच्या दगडाखाली कौलाच्या तीन चिपा होत्या, पंख्यासारख्या पसरलेल्या.

"हे पण तुमचंच का?" बाईंनी विचारलं.

"नाही मॅडम. हे माझ्या आजोबांचं."

"प्रत्येक जोत्याला कुणाचे तरी आजोबा असतातच. आजवर बिनआजोबांचं एक जोतं मला भेटलं नाही."

"तसं नाही मॅडम. मी त्यांचं बघून शिकलो. खाली जी सगळी आहेत, ती याच्यावरून केलेली. नक्कल ती आहे. हे असल आहे."

"म्हणजे ती तुम्ही केलीत, हे तुम्ही कबूल करता?"

आतापर्यंत त्याने ते कुणापाशी कबूल केलं नव्हतं. दलालाने बजावून ठेवलं होतं, मेलात तरी हो म्हणू नका. मिस्त्रीने बायकोकडे बघितलं. ती ओट्याच्या जागी उभी होती, हातात गाठी मारलेला धागा.

"हो," तो म्हणाला. "सगळी मीच केली."

"मग एवढी सगळी तुम्ही केलीत आणि हे एवढं एकच केलं नाहीत, यावर मी कशी विश्वास ठेवू? तुम्हीच सांगा."

तो नुसता चिपांकडे बोट दाखवत राहिला. त्या आजोबांच्या होत्या आणि त्याच्या स्वतःच्या चिपांहून अगदी वेगळ्या होत्या, पण कशा वेगळ्या ते त्यालाही शब्दांत पकडता येईना, कारण नवं जुन्याहून वेगळं दिसू नये यातच त्याचं आयुष्य गेलं होतं.

टपरीवरचा म्हातारा धापा टाकत वर आला होता, कुणी न बोलावता. "मॅडम, हे घर खरं आहे हो," तो म्हणाला. "मी इथलाच. याच्या आजीने मला या इथे, या पायरीवर, पाठीत धपाटा घातलाय. पेरू चोरले म्हणून. या घरात मी लहानपणी..."

"खेळलायत," बाई म्हणाल्या. "माहीत आहे. तुमचे जबाब मी सगळे वाचलेत, आजोबा."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत खळ्ळकन पाणी आलं. आयुष्यात एकदाच खरी साक्ष द्यायची वेळ आली होती, आणि त्याचे शब्द तर सगळे वापरून झाले होते.

दाखला मिळाला नाही. उलट, बनावट जोतं मालकाने स्वतःच काढून जागा मोकळी करावी, असा हुकूम आला. मिस्त्रीने तो वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. त्याला वाटलं, बायको रडेल, आदळआपट करेल. ती कणीक मळत होती, मळतच राहिली.

"जगाला पणजोबा वाटत सुटलात," ती म्हणाली. "आणि स्वतःच्या आजोबांना खोटं पाडलंत."

तो बाहेर जाऊन गिरणीच्या पायरीवर बसला. आपण अप्रामाणिक आहोत असं त्याला कधी वाटलं नव्हतं. फसवायचं ते सरकारला, फसायचं ते परक्यांना, मध्ये आपलं पोट भरतंय, अशी त्याच्या मनात त्या धंद्याची घडी बसली होती. आज पहिल्यांदा त्याला स्वतःची मनापासून चीड आली.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, "या की इकडे, त्यात काय!" पण तिच्या आवाजाआधी जी जराशी शांतता होती, ती दोघांनीही ऐकली. जावयाच्या दोन खोल्यांच्या घरात जायचं ठरलं. बायकोने भांडी बांधायला घेतली.

जोतं मिस्त्रीने स्वतःच्या हातांनी उतरवलं. ते काम दुसऱ्या कुणाकडून करून घेणं त्याला जमलं नसतं. दगड एका बाजूला रचले, आणि ते रचलेले बघून दलाल हजर झाला. आता जुनी जोती खपत नसली तरी जुने दगड खपत होते. परदेशी बाईला बागेला कुंपणभिंत घालायची होती. "दगड पण तुमचे आणि हात पण तुमचा," दलाल म्हणाला. "जाता जाता एवढं करून जा." बिऱ्हाड हलवायचं म्हणजे काही हातात हवंच. मिस्त्री गेला.

बाईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालून भिंत जात होती. बाई इतक्या वर्षांत तोडकीमोडकी भाषा शिकली होती आणि ती बोलायची तिला हौस होती. सकाळपासून ती बागेतल्या खुर्चीत बसून काम बघत होती.

"हे दगड किती जुने?" तिने विचारलं.

"माझ्या आजोबांनी रचलेले," मिस्त्री म्हणाला.

ती खळखळून हसली. "बस, बस! आता आम्हाला पण सगळं माहीत!" आणि मग, त्याला वाईट वाटू नये म्हणून, मायेने म्हणाली, "पण तुमचं काम फार छान. अगदी खऱ्यासारखं वाटतं."

दुपारी बायको डबा घेऊन वर आली. डबा पोचवायला ती आजवर कधी कुठल्या कामावर गेली नव्हती. पण खोली रिकामी झाली होती आणि बसायला जागा नव्हती. बाईने तिला बघितलं, आणि पाहुणचारात ती कमी नव्हती. "या, या, आत या," म्हणत हाताला धरून तिला थेट स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि खिडकीसमोर उभं केलं. मिस्त्री बाहेर, त्याच खिडकीखाली, हातात दगड घेऊन उभा राहिला. त्याला आत जाऊन तिला थांबवावंसं वाटलं, पण थांबवून सांगायचं काय?

चौकटीत बायकोचा चेहरा दिसला. समोर समुद्र होता. ती तो बघत राहिली. मग तिचा हात चौकटीवरून खाली आला आणि बोट खालच्या दगडावरच्या रेघेत जाऊन थांबलं.

"आम्ही घर घेतलं तेव्हा तो बूटवाला सांगायचा," बाई हसत म्हणाली, "या खिडकीत उभी राहून पूर्वी कुणी बाई स्वयंपाक करायची म्हणून. मला किती आवडायचं ते! आता कळलं, ते पण खोटं असणार."

बायकोने खाली मिस्त्रीकडे बघितलं. रागाने नाही. फोनवर चुकीचा नंबर लागल्यावर आपण अनोळखी माणसाशी जितक्या शांतपणे बोलतो, तितक्याच शांतपणे.

"हो," ती म्हणाली. "खोटंच असणार."

तिने रेघेतलं बोट काढलं, पदराला पुसलं, आणि डबा रिकामा व्हायची वाट न बघता बाहेर पडून उतार उतरायला लागली. मिस्त्रीने हातातला दगड कोपऱ्यावर बसवला. त्याच्याखाली त्याने काही घातलं नाही.